ट्रेंडिंगच्या यादीत बातमी वर चढते कशी? (निमित्त: रात्रपाळीतली एक फजिती)

रात्रपाळी (धागाकर्ता)

काही वर्षांपूर्वी मी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर रात्रपाळी करायचो. डेस्कसमोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ट्रॅकर, म्हणजे लोकांच्या पोस्टींत कुठला शब्द किती येतोय ते मोजणारं यंत्र, सतत चालू: शब्द, शब्दापुढे आकडा, आकड्यापुढे वर नाहीतर खाली जाणारा बाण. एका रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी एका ज्येष्ठ अभिनेत्याचं नाव कुठूनसं उसळून थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं. नावाला चिकटून 'निधन', 'भावपूर्ण' आणि 'श्रद्धांजली'. पाळीला आम्ही दोघंच, त्यातला दुसरा खाली गेलेला. मी दोन ओळींचा मथळा ठोकला आणि नोटिफिकेशन सोडलं. मिनिटभरात शिफ्टप्रमुखांचा फोन. "अरे, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज पुण्यतिथी आहे."

पडद्यावरचा बाण अजून वरच चालला होता. आता त्यात माझ्या नोटिफिकेशनचीही भर पडत होती.

चूक माझीच. पडताळून न बघता सोडलं. पण त्या यंत्राने मला नक्की काय सांगितलं होतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. 'अमुक गेले' असं त्याने म्हटलंच नव्हतं. हे नाव या वेळी एरवी जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट आज दिसतंय, एवढंच त्याचं म्हणणं. उरलेलं वाक्य मी मनाने पूर्ण केलं.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. माझी समजूत अशी झाली आहे की ट्रॅकर बातमी मोजतच नाही, तो सवयमोड मोजतो, म्हणजे नेहमीची सवय किती मोडली ते. आणि सगळी मेख 'नेहमीचं म्हणजे किती' यात आहे. इथे या कामातली माणसं आहेत हे ठाऊक आहे, त्यांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे कान धरावा.

शंकासुर

बाळबोध शंका. ज्यावर सगळ्यात जास्त लोक बोलतात ते पहिलं, त्याहून कमी ते दुसरं, इतकं सरळ नसतं का हे?

गणिती किडा

नसतं. तसं केलं तर यादीत बाराही महिने हवामान आणि 'शुभ सकाळ'. ट्विटरने २००८ साली ट्रेंड्स आणले आणि २०१० मध्ये त्यांना हाच त्रास झाला, गायक जस्टिन बीबर यादीतून हलेचना. मग हिशोब बदलला: किती बोललं जातंय यापेक्षा किती अचानक बोललं जाऊ लागलं, याला वजन. त्याच वर्षअखेरीला 'विकिलीक्स (गुप्त कागदपत्रं फोडणारं संकेतस्थळ) ट्रेंडमध्ये का नाही, दाबताय का?' असा आरडाओरडा झाला, तेव्हा कंपनीच्या उत्तराचा मथितार्थ हाच होता की विषय मोठा आहे, पण त्याची पातळी आधीपासूनच उंच आहे. तिथून वर उडी दिसत नाही.

हिशोब हाताने करून बघा. दहा मिनिटांची खिडकी धरू, म्हणजे तेवढ्या वेळातल्या पोस्टी मोजू, आणि तीन शब्द घेऊ.

क: नेहमी ९००, आत्ता ११००
ख: नेहमी २, आत्ता ४०
ग: नेहमी ०, आत्ता ३

वजाबाकी केलीत तर 'क' पहिला, कारण तो २०० ने वाढला. भागाकार केलात तर 'ग' पहिला, शून्याने भागलं की अनंतच. म्हणजे तीन जणांनी टंकताना एकच चूक केली तरी जगबुडी. म्हणून भागाकारात वर आणि खाली दोन्हीकडे एक ठरावीक आकडा मिळवतात. समजा १० मिळवले. 'क' होतो १११०/९१० म्हणजे १.२२, 'ख' ५०/१२ म्हणजे ४.१७, 'ग' १३/१० म्हणजे १.३. आता कुठे 'ख' वर आला, आणि आपल्यालाही तोच वर यायला हवा होता.

तो १० कुठून आला? कुणीतरी खुर्चीत बसून ठरवला. ५० धरले असते तर 'ख' ९०/५२ म्हणजे १.७३ वर आला असता आणि सीमारेषा २ ची असेल तर यादीत शिरलाच नसता. 'हे सगळं आपोआप होतं' असं कुणी म्हणालं की मला हा १० आठवतो.

शंकासुर

कळलं. म्हणजे छोट्या शब्दांना खाली ओढायला तो १० आहे.

गणिती किडा

अगदी. दुसरी रीत म्हणजे वाढीला नेहमीच्या आकड्याच्या वर्गमुळाने भागणे. त्यात 'क' ६.७ आणि 'ख' साधारण २७. कागदावर ही रीत जास्त देखणी आहे, पण ती गृहीत धरते की प्रत्येक माणूस आपापल्या मनाने पोस्ट लिहितो. प्रत्यक्षात एक जण लिहितो आणि हजार जण तेच पुढे ढकलतात. त्यामुळे पोस्टी मोजण्याऐवजी वेगवेगळी खाती मोजली की निम्मा गोंगाट तिथेच खाली बसतो.

संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्गचा २००२ चा शोधनिबंध या विषयातला पायाचा दगड समजा. त्याने सुरुवात स्वतःच्या ईमेलपासून केली. आकडे मोजण्यापेक्षा दोन संदेशांमधलं अंतर किती कमी झालं ते बघायचं, आणि प्रवाह 'शांत' आहे की 'उसळलेला' ते ठरवायचं. गंमत अशी की एका अवस्थेतून वरच्या अवस्थेत जायला किंमत मोजावी लागते. त्यामुळे एखाद्या क्षणिक झटक्याने यंत्र दचकत नाही.

भूस्तर

दचकण्यावरून आठवलं. भूकंपमापनात ही कल्पना फार जुनी आहे. गेल्या काही सेकंदांची सरासरी भागिले गेल्या काही मिनिटांची सरासरी. गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेलं की नोंद. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या लोकांनी हेच सूत्र जमिनीच्या हादऱ्यांऐवजी 'भूकंप' या अर्थाच्या शब्दांच्या ट्वीटना लावलं. निष्कर्ष २०११ साली छापले: पाच महिन्यांत ४८ भूकंप पकडले, खोटे इशारे फक्त २, आणि साधारण तीन चतुर्थांश नोंदी भूकंपानंतर दोन मिनिटांच्या आत.

वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच पाच महिन्यांत त्यांच्या अधिकृत नोंदवहीत ५,१७५ भूकंप होते. उरलेले कुणाला फारसे जाणवले नाहीत, नाहीतर जिथे झाले तिथे ट्वीट करणारं कुणी नव्हतं. जमिनीतलं यंत्र जमीन ऐकतं, ट्रॅकर फोनवाली माणसं ऐकतो. जिथे माणसं कमी किंवा नेटवर्क आधीच कोसळलेलं, तिथली बातमी त्याच्या लेखी घडतच नाही.

रात्रपाळी

'फोनवाली माणसं ऐकतो' हे वहीत उतरवून घेतलं.

विभक्ती

एक मुद्दा राहतोय, आणि तो आपल्या भाषेचा आहे. वरच्या तक्त्यात 'शब्द' मोजलेत, पण मराठीत शब्द म्हणजे काय? इंग्रजीत भूकंपाला एक रूप, फार तर अनेकवचनाचं दुसरं. आपल्याकडे भूकंप, भूकंपाचा, भूकंपाने, भूकंपामुळे, भूकंपानंतर, भूकंपग्रस्त. चाळीस लोकांनी लिहिलं तर सहा रूपांत ते विखुरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात येतात. उसळी आहे, पण सहा तुकड्यांत.

प्रत्यय कापून टाका म्हणाल, तर 'पावसाने' कापल्यावर 'पावसा' उरतो, 'पाऊस' नाही. 'पुरात' कापलं की 'पुरा', ज्याचा अर्थ अख्खा. म्हणजे महापुराच्या दिवशी 'पुरा पगार द्या' हेही पुरात वाहून यायचं!

त्याहून वाईट म्हणजे अक्षरं. ॲाफिस, हाॅस्पिटल असं कुणी काना आणि वर चंद्र वेगवेगळे टंकतात, कुणी एकच 'ॉ' वापरतात. डोळ्यांना सारखंच, मशीनला दोन शब्द. 'ऱ' सुद्धा दोन प्रकारे साठवता येतो, पण ते दोन प्रकार एकच आहेत असं युनिकोडने (संगणकात अक्षरं साठवण्याचं जागतिक मानक) सांगून ठेवलंय, त्यामुळे नेहमीच्या शुद्धीकरणात ते जुळतात. हाॅस्पिटलचं तसं नाही; तो फरक ज्याचा त्याने हाताने मिटवायचा. मी हे काम केलंय म्हणून सांगते. आमच्या पहिल्या यादीत 'हॉस्पिटल' चौथं होतं आणि 'हाॅस्पिटल' नववं.

शंकासुर

मला तुमच्या पोस्टमधले दोन्ही हॉस्पिटल सारखेच दिसताहेत.

विभक्ती

तेच तर दुखणं आहे.

निवृत्त डेस्क

वाचतो आहे. आमच्या वेळी तारेवरून आलेल्या बातम्या छापणाऱ्या टेलिप्रिंटरला घंटा असे. बातमी जितकी मोठी तितक्या जास्त घंटा. पलीकडे घंटा देणारा माणूस असे आणि घंटा उगाच दिली तर सकाळी त्याला कुणीतरी विचारत असे. तुमच्या पडद्यावर घंटा कोण देतो हेच मला या धाग्यावरून अजून समजलेले नाही.

जुना मथळा

काका, उत्तर देतो, जरा लांबण लागेल. २००८ च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट घंटा कशी 'आपोआप' वाजते याचा उत्तम नमुना आहे.

युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी डिसेंबर २००२ ची. ती फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राच्या संग्रहात पडून होती. रविवारी पहाटे, वाचक जवळजवळ नसतात अशा वेळी, ते पान कुणीतरी उघडलं. त्या वेळी 'सर्वाधिक वाचलेले' या चौकटीत शिरायला फारसं काही लागत नव्हतं. वृत्तपत्राच्या मालक कंपनीने नंतर सांगितलं की एकाच वाचनाने ते पान चौकटीत आलं. थोड्याच वेळात गूगलचा रोबो, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, फिरत आला. त्याला मुख्य भागात एक नवा दुवा दिसला. लेखावर मूळ तारीख नव्हती, म्हणून त्याने ताजी तारीख धरली. गूगल न्यूजमध्ये ती नवी बातमी झाली. सोमवारी एका गुंतवणूकविषयक वार्तापत्राच्या माणसाला ती शोधात सापडली, त्याने पुढे पाठवली, ती शेअर दलालांसमोरच्या ब्लूमबर्गच्या पडद्यांवर झळकली आणि १२ डॉलरच्या आसपासचा शेअर काही मिनिटांत ३ डॉलरपर्यंत आला. व्यवहार थांबवावे लागले. दिवसअखेर बराचसा सावरला.

आता यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. बातमी खरी होती, सहा वर्षांपूर्वीची. चौकटीने खरंच जास्त वाचलेलं दाखवलं, रोबोला खरंच नवा दुवा दिसला. प्रत्येकाने आपापल्या शेजाऱ्याकडे बघून घंटा दिली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे, काका: सकाळी कुणाला विचारायचं तो माणूसच साखळीत नव्हता.

रात्रपाळीरावांची पुण्यतिथी हीच गोष्ट, फक्त शेअर बाजार सोडून.

निवृत्त डेस्क

समजले. तारीख न टाकणाऱ्या उपसंपादकाला आमच्याकडे उभे केले असते.

गुच्छ

याला जोडून, 'एकच बातमी' कशी ओळखतात तेही बघू, कारण क्रम लावताना ते शब्दांपेक्षा जास्त भाव खातं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर गूगलमधल्या कृष्ण भरत यांना एकाच घटनेच्या बातम्या शोधायला एकेक संकेतस्थळ पालथं घालावं लागत होतं. त्यातून गूगल न्यूज निघालं, २००२ मध्ये. मूळ कल्पना साधी: वेगवेगळ्या ठिकाणचे मथळे एका गुच्छात बांधा आणि गुच्छात किती वेगळे स्रोत आहेत ते बघा.

बांधणार कसे? प्रत्येक लेखाचा लहानसा ठसा काढतात. सिमहॅश पद्धतीत मजकूर जवळपास सारखा असेल तर ठसाही जवळपास सारखा येतो. वेबपानांसाठी गूगलच्या लोकांनी २००७ साली जे मांडलं त्यात ६४ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ६४ खुणांचा) ठसा आणि ३ बिटांपर्यंतचा फरक 'तेच पान' म्हणून चालवून घेतलेला.

पण इथेच एक फाटा फुटतो. वृत्तसंस्थेची एकच प्रत पन्नास ठिकाणी जशीच्या तशी लागली, तर ते पन्नास स्रोत की एक? एक म्हणावं तर खरोखर मोठी बातमी खाली राहते, कारण सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांकडे संस्थेचीच प्रत असते. पन्नास म्हणावं तर फुटकळ बातमीही वर जाते. माझ्या मते तंतोतंत सारख्या प्रतींना मिळून एकच मत द्यावं आणि कुणी स्वतःचा एक परिच्छेद जरी जोडला तरी वेगळं मत द्यावं. यावर सहकाऱ्यांशी माझं कधीच एकमत झालं नाही.

घसरगुंडी

वर चढण्याबद्दल सगळे बोलले, खाली उतरण्याबद्दल कुणीच नाही. यादीचा चेहरा तर उतरण्याच्या वेगाने ठरतो.

वाचकांच्या मतांवर दुव्यांचा क्रम लावणाऱ्या हॅकर न्यूज या संकेतस्थळाचं प्रसिद्ध सूत्र: मतांतून १ वजा, भागिले (तासांतलं वय + २) याचा १.८ वा घात. दोन तास जुनी, ६५ मतांची पोस्ट घ्या: ६४ भागिले १२.१, म्हणजे ५.३. दहा तास जुनी, २०१ मतांची: २०० भागिले साधारण ८८, म्हणजे २.३. तिप्पट मतं मिळवूनही खाली. हे फक्त सूत्र बरं का. त्यावर हाताने लावलेल्या खिट्ट्या वेगळ्याच.

तशाच रेडिट या संकेतस्थळाच्या जुन्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये दुसरी युक्ती आहे. मतांचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम, अधिक पोस्टची वेळ सेकंदांत भागिले ४५,०००. त्यात पहिल्या १० मतांनी जेवढा भाव वाढतो तेवढाच वाढवायला पुढची ९० लागतात. आणि ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. तेवढ्या उशिरा आलेल्या पोस्टला गाठायचं तर जुनीला दहापट मतं हवीत. जुनी पोस्ट स्वतः घसरत नाही, नव्या वरून येत राहतात. त्यामुळे जुन्यांचा हिशोब पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. हे मला फार आवडतं.

मात्र बातमीसाठी दोन्ही सूत्रं मला अपुरी वाटतात. मोठी घटना सहा तासांनी दुसऱ्या टप्प्यात जाते: आकडा बदलतो, कुणी राजीनामा देतो. वय पहिल्या मथळ्यापासून मोजलं तर तोवर ती तळाला गेलेली असते. प्रत्येक नव्या मथळ्याने वय शून्यावर आणलं तर ती उतरतच नाही.

शंकासुर

आणि भाडोत्री खाती? हल्ली तर ठरवून ट्रेंड करवतात.

गणिती किडा

हो, आणि तिथे अचानकपणाला दिलेलं वजनच अंगावर येतं. तुर्कस्तानातल्या ट्रेंड्सवर २०२१ साली एक अभ्यास आला. त्यात दिसलं की ताब्यात घेतलेली खाती एकाच वेळी एकच शब्द असलेले निरर्थक ट्वीट सोडायची आणि लगेच पुसून टाकायची. मोजणाऱ्या यंत्राने पुसलेलं वजाच केलं नव्हतं. शब्द यादीत, पुरावा गायब.

याच्या उलटही होतं. २५ जून २००९, मायकल जॅक्सन गेला त्या दुपारी लोक गूगल न्यूजवर इतके तुटून पडले की यंत्रणेला तो स्वयंचलित हल्ला वाटला आणि जवळजवळ अर्धा तास काही शोधणाऱ्यांना निकालाऐवजी दिलगिरीचं पान दिसत होतं. खरी बातमी आणि बनावट हल्ला यांचा आलेख सुरुवातीच्या मिनिटांत सारखाच उभा असतो.

निवृत्त डेस्क

मग माणूस का बसवत नाहीत?

जुना मथळा

बसवतात. तंत्रज्ञानाच्या बातम्या गोळा करणारं टेकमीम २००५ साली निव्वळ यंत्रावर सुरू झालं आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी संपादक नेमला, मग आणखी नेमले. फेसबुकचा प्रवास उलटा: २०१४ मध्ये ट्रेंडिंग, मागे निवडणारी माणसं, २०१६ मध्ये ही माणसं पक्षपात करतात असा आरोप, ऑगस्टमध्ये त्यांना काढलं आणि काही दिवसांतच एका वृत्तनिवेदिकेबद्दलची खोटी बातमी यादीत वर. २०१८ मध्ये विभागच बंद.

विभक्ती

अवांतर: ट्रेंड आधीच ओळखण्याचंही एक काम आहे, २०१२ चं, एमआयटीतल्या निकोलोव्ह आणि शाह यांचं. नवा आलेख जुन्या 'ट्रेंड झालेल्या' आणि 'न झालेल्या' आलेखांशी ताडून बघायचा. ९५ टक्के अचूक आणि सरासरी दीड तास आधी, असा त्यांचा दावा होता. पण 'ट्रेंड झालेले' म्हणजे फक्त यादीत आलेले शब्द. म्हणजे भाकीत यादीचं झालं, घटनेचं नव्हे. धागाकर्त्यांच्या यंत्राला त्या रात्री हे जोडलं असतं तर पुण्यतिथी दहा-चाळीसलाच सांगितली असती!

शंकासुर

रात्रपाळीभाऊ, पुढे काय झालं ते सांगा की. यंत्र दुरुस्त केलं का?

रात्रपाळी

केलं, आणि त्यात दुसरी फजिती झाली.

तांत्रिक चमूने ठरवलं की तुलना फक्त गेल्या काही दिवसांशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशीही करायची. पुण्यतिथ्या, जयंत्या, सण आपोआप दबतील. पुढच्या वर्षी ती तारीख आली. बारा-दहाला पडदा गप्प. मी खूश.

सकाळी एक ज्येष्ठ गायिका खरोखरच गेल्या. पडद्यावर काही नाही. 'निधन' आणि 'श्रद्धांजली' वाढत होते, पण त्या तारखेची 'नेहमीची' पातळी फारच उंच होती, कारण मागच्या वर्षी त्याच तारखेला माझ्या नोटिफिकेशनमुळे हजारो लोकांनी तेच दोन शब्द लिहिले होते, निम्मे हळहळून आणि निम्मे मला शिव्या देत. गायिकेचं नाव एकट्याच्या बळावर चढत होतं, पण हळू. आम्हाला बातमी वृत्तसंस्थेकडून कळली आणि आमची लागली तेव्हा सगळ्यांची लागून झाली होती.

मग त्यांनी सुटा शब्द मोजणं सोडून जोडी मोजायला घेतली: नाव आणि 'निधन' एकाच पोस्टमध्ये. शिवाय गुच्छातल्या सगळ्यात जुन्या दुव्याची तारीख शेजारी लाल अक्षरांत. ते बरं चाललं.

शंकासुर

आणि तुमची ती बातमी?

रात्रपाळी

पान त्याच रात्री काढलं. पण दर वर्षी त्या तारखेला 'पान सापडत नाही' अशा पानांच्या अंतर्गत यादीत ते पहिल्या क्रमांकावर येतं, असं तिथला मित्र सांगतो.